पट्टा पडल्यानंतर

गेल्या वैशाखात आमच्या भावकीतल्या एका मुलीचा साखरपुडा झाला. मुलाकडची मंडळी पुण्याहून आली होती. जेवणे उरकल्यावर मंडपात खुर्च्या गोल मांडून ओळखीपाळखी सुरू झाल्या, तेव्हा मुलाच्या मामांनी माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, विचारले, "आपण काय करता?" अण्णांनी तोंड उघडण्याआधीच आजूबाजूच्या तिघांनी उत्तरे दिली. एक म्हणाला, ते ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर होते. दुसरा म्हणाला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरण्यात या पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तिसऱ्याने गुऱ्हाळाचे नाव घेतले. तिन्ही उत्तरे खरी होती. अण्णांनी मात्र टोपी सारखी केली, सगळ्यांचे बोलणे संपू दिले आणि शांतपणे सांगितले, "मी कारखान्यात आहे. पॅनमन." पाहुण्यांनी समाधानाने मान हलवली. कारखान्याचे धुराडे थंड पडून बारा वर्षे होऊन गेली आहेत, हे मंडपातल्या आमच्या बाजूच्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण त्यांचे बोलणे दुरुस्त करायला कोणीही पुढे झाले नाही.

ते उत्तर माझ्या मनातून जात नाही.

अण्णा खोटे बोलणारे नाहीत आणि मिरवणारे तर मुळीच नाहीत. त्यांच्या कामाची सुरुवात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यापासून झाली. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. आजीबरोबर रस्त्याच्या कामावर जायचे, दुपारी सुकडी मिळायची आणि घरी तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी असायच्या. पुढे काही वर्षे त्यांनी सालगडी म्हणून काढली, एका ट्रकवर क्लीनर म्हणून फिरले, सोलापुरात चादरीच्या मागावरही बसून पाहिले. सीना नदीच्या काठी सहकारी साखर कारखान्याची उभारणी सुरू झाली, तेव्हा ते पाया खणणाऱ्यांत होते, मग यंत्रे बसवणाऱ्यांच्या हाताखाली गेले आणि पहिल्या गळीत हंगामात पॅनवर मदतनीस म्हणून लागले. कारखाना दिवसाला साडेबाराशे टन उसाचा होता. दहा टक्के उतारा धरला तर टनामागे एक क्विंटल साखर, म्हणजे रोज शंभर किलोची साडेबाराशे पोती. ही साखर दाण्याच्या रूपात येणे किंवा न येणे ज्या जागी ठरते, ती जागा म्हणजे पॅन, पाक आटवण्याचे मोठे बंद भांडे.

लहानपणी एका रविवारी अण्णांनी मला पॅनच्या मजल्यावर नेले होते. लोखंडी जिना पायाला गरम लागत होता आणि पाकाच्या उकळीचा गोड, किंचित करपट वास गंधकाच्या वासात मिसळून घशाशी बसत होता. पॅनला गोल काच होती आणि काचेपलीकडे दिव्याच्या उजेडात दाट तपकिरी पाक उसळत वर चढत होता. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळतो, नाहीतर साखर करपून लाल होते, हे मला त्यांनीच तेव्हा सांगितले. मग त्यांनी पॅनच्या पोटात खुपसलेली पितळी प्रूफ स्टिक, म्हणजे नमुना काढायची दांडी, फिरवून बाहेर ओढली, तिच्यावरचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, अंगठ्याने पसरला आणि पट्टी दिव्यासमोर धरली. मला आधी काहीच दिसले नाही. नंतर दिसले ते मोहरीहूनही बारीक, कडा असलेले, चमकणारे कण. "दाणा बसला," अण्णा म्हणाले. मूळ दाण्यांच्या मध्ये नवा भुगा दिसू लागला तर तो फॉल्स ग्रेन. मग पाणी सोडून तो विरघळवावा लागतो आणि वेळ वाया जातो. एक पॅन शिजायला अडीच-तीन तास लागत आणि तेवढ्या वेळात त्यांची नजर काचेवरून फारशी हलत नसे. प्रयोगशाळेतला केमिस्ट आकडे सांगायचा, पण पॅन केव्हा सोडायचा हे अण्णांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला विचारले जायचे. पाक दोन बोटांत धरून तार किती लांब येते ते ते पाहत.

पण ही नोकरी वर्षभराची नव्हती. साखर कारखान्याच्या बाहेरच्या माणसाला ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. अण्णा 'हंगामी कायम' होते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटायचा, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडायची आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊस संपला की पट्टा पडायचा, म्हणजे त्या हंगामाचे गाळप थांबायचे. पट्टा पडला की हंगामी माणसे घरी येत. पुढच्या हंगामात त्यांना बोलावण्याचे बंधन कारखान्यावर असे आणि मधल्या महिन्यांत रिटेन्शनचा भत्ता मिळे. तो भत्ता घर चालवण्याइतका नसे, पण आपले नाव कारखान्याच्या पटावर आहे याची ती दर महिन्याची पावती असे. उरलेले सहा महिने ज्याचे त्याने निभवायचे.

आणि ते निभत, कारण उरलेल्या सहा महिन्यांतच आमच्या भागातली इतर कामे पिकत. लग्नसराई उन्हाळ्यात येते, म्हणून अण्णांनी तिघा सोबत्यांबरोबर मंडपाचे सामान घेतले होते. विहिरीतल्या मोटारीही उन्हाळ्यातच जळतात, कारण पाणी खाली जाते, मोटार कोरडी फिरते आणि वीज कमी दाबाने येते. कारखान्यातल्या एका वायरमनकडून मोटार भरणे शिकून त्यांनी ओसरीत दुकान थाटले. जळालेल्या तांब्याच्या तारेचा आणि ओल्या व्हार्निशचा वास हा आमच्या मे महिन्याच्या सुट्टीचा वास आहे. ते स्टेटर मांडीवर घेऊन बसत, जुनी कॉइल कापून तिचे वेढे मोजत आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे घालत. मोजताना त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरात दंडक होता. मृगात पेरणी, श्रावणात गावच्या सप्ताहाचा स्वयंपाक, गणपतीत रोषणाई, आणि मग पुन्हा बॉयलर पेटण्याची बातमी. वर्षाचा एकही महिना मोकळा नसे आणि एकही काम दुसऱ्याच्या अंगावर येत नसे.

त्यामुळे कारखाना बंद पडला तेव्हा शहाण्या माणसांनी आमच्यासारख्या घरांविषयी फारशी काळजी केली नाही. कायम कामगारांचे हाल होतील, पण हंगामी माणसाला दहा कामे येतात, तो तरून जाईल, असे सगळेच म्हणत. अण्णांना 'हरहुन्नरी' म्हणण्याची पद्धत तेव्हापासून पडली. एका सत्कारात त्यांना हा शब्द छापलेले मानपत्रही मिळाले आहे. मला त्या कौतुकाचा राग येतो. जी कामे पूर्वी हंगामाच्या आधारावर उभी होती, तीच आता आधार काढून घेतल्यावर माणसाला तोलून धरतील, असे त्या कौतुकात गृहीत धरलेले आहे. कारखाना चालू असताना एखाद्या शेतकऱ्याने मोटारीचे पैसे सहा महिने थकवले तरी अण्णा हसून सोडून देत, कारण ऊसबिल आले की तो देणार हे दोघांनाही माहीत असे. कारखाना गेला, तसे ऊसबिल गेले. मोटारी जळतच राहिल्या, पण पैसे देणारा राहिला नाही. मंडपाचे तेच झाले. लग्ने तालुक्याच्या कार्यालयांत होऊ लागली आणि आमच्या बांबूंना वाळवी लागली. हाताला कसब होते तेवढेच राहिले, पण त्याला गिऱ्हाईक देणारा पैसा गावातून निघून गेला होता.

हिवाळा तर पूर्णच रिकामा झाला. ज्या सहा महिन्यांत कारखाना असायचा, त्या महिन्यांसाठी अण्णांनी दुसरे काही शिकूनच ठेवलेले नव्हते. शेवटी पंचावन्नाव्या वर्षी ते द्राक्षबागांत जाऊ लागले. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड सुटले की मगमध्ये जीएचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे, पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा असतो. दिवसभर मान वर, हात वर, आणि पाणी कोपरावरून काखेत उतरते. त्या टोळीत सगळ्या तरुण बाया होत्या. अण्णा त्यांच्यात एकटेच टोपीवाले. नंतर ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचे काम मिळाले, तिथे मानधन तुटपुंजे आणि शिव्या भरपूर. दोन हिवाळे ते पुण्यात एका गृहसंकुलाच्या फाटकावर रात्रपाळीला राहिले. निळ्या गणवेशातला त्यांचा एक फोटो माझ्याकडे आहे. तो त्यांना आवडत नाही, म्हणून मी कोणाला दाखवत नाही. निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे आहे. २०१४ मध्ये सरकारने त्यासाठी दरमहा हजार रुपयांचा किमान आकडा ठरवला. अण्णांची रक्कम त्याहून थोडी अधिक येते.

कारखाना नेमका कशाने गेला, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. २००२ पासून दोन-तीन वर्षे लोकरी मावा ही उसावरची कीड आणि दुष्काळ एकाच वेळी आले. पानांच्या खाली पांढरा कापूस साचायचा आणि शेतातून चालले की अंग चिकट व्हायचे. ऊसच नव्हता, तर गाळप कशाचे करणार? त्या वर्षांत काढलेले कर्ज नंतर कधी फिटले नाही. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची झोनबंदी उठलेली होती, त्यामुळे ज्याचे बिल वेळेवर, त्याच्याकडे ऊस जाऊ लागला, आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आमच्या कारखान्याने पाळला नाही. यात संचालकांच्या कारभाराचा भाग मोठा होता, हे मी स्पष्ट लिहीन. वजनकाट्याची चर्चा, गरजेपेक्षा अधिक भरती आणि निवडणुकीच्या वर्षातला उधळा खर्च हे सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. मग एक-दोन हंगाम तो भाड्याने गेला, मग बँकेची नोटीस लागली. कामगारांचा दीड वर्षाहून अधिक पगार तेव्हापासून थकलेला आहे.

तरीही त्या कारखान्याविषयी निव्वळ हळहळ माझ्याने लिहवत नाही. आमच्या घरात दिवाळीला सभासदाची स्वस्त साखर येत होती तेव्हा यार्डाच्या मागे, काळ्या मातीत, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या असत. बीडकडून आलेली जोडपी पहाटे तीनला फडात जात. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढे आणि तिचे मूल बांधावर चिंध्यांत झोपलेले असे. एका कोयत्याच्या, म्हणजे एका जोडप्याच्या, उचलीत म्हणजे आगाऊ रकमेत नवराबायको दोघांची मेहनत बांधलेली असे आणि हिशेबात बाईचे नाव नसे. त्यांच्या कष्टांवर आमचा हंगाम उभा होता. त्यांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेत मी माझी जुनी पाटी देऊन आले होते, त्यापलीकडे आमच्या घराने त्यांच्यासाठी काही केल्याचे मला आठवत नाही. पाण्याचेही तेच. सीनेसारख्या नदीच्या काठी, जिथे पाऊस बेभरवशाचा, तिथे बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक घेऊन आम्ही विहिरी बोअरवर आणि बोअर आणखी खोल बोअरवर नेल्या. कारखाना नसता तर हे इतक्या वेगाने झाले नसते. पहाटे अंगणात पडणारी काजळी आणि मळीच्या ओढ्याचा वास यांची आठवण सुखाची म्हणून सांगणारे लोक मला भेटतात. ओढ्याकाठच्या वस्तीतले लोक तसे सांगत नाहीत.

आणि तरी भोंगा आठवतो.

चार, बारा, आठ. पहाटे चारला पहिली पाळी, दुपारी बाराला दुसरी, रात्री आठला तिसरी. गावातल्या घड्याळांपेक्षा लोक भोंग्यावर भरवसा ठेवत. आई भोंग्यावर भात टाकायची, शाळा भोंग्याच्या अंदाजाने सुटायची, आजारी माणसाला गोळी भोंग्यावर दिली जायची. अण्णा रात्रपाळीहून पहाटे घरी येत, तेव्हा त्यांच्या शर्टाला पाकाचा वास असे आणि मुंग्या लागू नयेत म्हणून काकू तो शर्ट न धुताच दोरीवर उंच टांगून ठेवी. आता गावात रात्री किती वाजले हे कळण्यासाठी कोणाला उठून मोबाइल पाहावा लागतो. एवढ्याशा गोष्टीवर मी एक वाक्य खर्च करते आहे, कारण बंद कारखान्यांवरच्या अहवालांत ती कधी येत नाही.

उद्योग संपला, असे म्हणणेही बरोबर होणार नाही. सोलापूर जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, राज्यात सर्वांत जास्त. हंगामात रात्रभर आमच्या बंद फाटकासमोरून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर उसाने वाकलेले जातात, गाणी लावून, पुढच्या खासगी कारखान्याकडे. गावचा ऊस गावावरून जातो, पण गावाला लागत नाही. अण्णा एकदा तिथे काम मागायला गेले होते. तिथल्या पॅनचा कारभार संगणकाच्या पडद्यावर चालतो. काचेची पट्टी अजून आहे, पण निर्णय पडदा करतो. शिवाय २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसाचा रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते अशी मळी, थेट इथेनॉलकडे वळवता येऊ लागली. जो रस इथेनॉलला जातो, त्याचा दाणा पाडावाच लागत नाही. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना चहा पाजला, आदराने बोलला आणि वयाचे कारण दिले. अण्णा परतले तेव्हा मला वाटले होते, ते खचले असतील. ते त्या तरुणाच्या यंत्रणेविषयीच बोलत राहिले: निर्वात किती स्थिर राहतो, वाफ किती वाचते. "लई भारी काम हाय," असे दोनदा म्हणाले.

साखरपुड्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आम्ही दोघेच ओसरीत असताना, मी त्यांना विचारले. पाहुण्यांना तसे का सांगितलेत, असे थेट विचारण्याची माझी छाती झाली नसती, पण विषय थकलेल्या पगारावरून निघाला. ते म्हणाले, "मग दुसरं काय सांगू, बाय? मी राजीनामा दिला न्हाई. त्यांनी मला काढल्याची चिठ्ठी दिली न्हाई. पट्टा पडला, पुढच्या दसऱ्याला बोलवू म्हणले. आजून बोलवलं न्हाई, एवढंच." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते एका नोकरीच्या अटी सांगत होते. मी नंतर विचार करत राहिले, की खरोखरच आमच्याकडे कोणीही कधी 'कारखाना बंद' असे जाहीर केलेले नाही. दर दसऱ्याला यंदा चालू होणार अशी हवा उठते, निवडणूक जवळ असली तर जरा जोरात उठते, आणि वयाची साठी उलटलेली माणसे खंडेनवमीला फाटकाशी जाऊन नारळ फोडून येतात. शेवट कळला असता तर चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसांनी त्याच वर्षी दुसरी वाट धरली असती. आशेवर ठेवल्यामुळे त्यांची धडधाकट वर्षे वाट पाहण्यात गेली. थकलेल्या पगारापेक्षा ही लूट मला मोठी वाटते, आणि तिचा दावा लावायला कोणतेही न्यायालय नाही.

सध्या अण्णा गुऱ्हाळावर आहेत. मालक तरुण आहे, रसायनविरहित गूळ म्हणून पुण्या-मुंबईला पाठवतो. गुळव्याचे काम अण्णा नव्याने शिकले. इथे बंद पॅन नाही, उघडी काहील आहे. चुलवाणात चिपाड धडधडते, भेंडीचा रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास उतरवायचा. मालकाने थर्मामीटर आणला आहे, तो खुंटीला टांगलेला असतो. अण्णा पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात, त्याची गोळी बोटांत वळतात, कानाशी नेऊन ती ताटलीवर आपटतात आणि आवाज ऐकून काहील उतरवायला सांगतात. मी त्यांना विचारले, पॅनची आठवण येते का? ते म्हणाले, तिथे दाणा वेगळा काढून बाकीचे टाकायचे असायचे, इथे सगळे ठेवायचे असते, म्हणून हे काम जास्त अवघड. एक काहील चुकली की दुरुस्त करायला पाणी सोडता येत नाही.

मालकाने यंदा त्यांना उक्ता हंगाम देऊ केला होता: चार महिन्यांची एकरकमी बोली, रोजंदारीच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त, पैसे शेवटी. माझा चुलतभाऊ घ्या म्हणत होता. माणूस चांगला आहे, त्याचा शब्द खोटा नाही, हे अण्णांनाही मान्य आहे. तरी त्यांनी नकार दिला. रोज संध्याकाळी काहील धुऊन झाली की ते मालकासमोर उभे राहतात आणि त्या दिवसाची मजुरी मोजून घेतात. हाताखाली जळव्याचे, म्हणजे चुलवाणात जळण घालण्याचे, काम करणारा मुलगा आहे, बारावी नापास. त्याचे पैसे मालक आठवड्याला देणार होता. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितले, या पोराचा हिशेबही माझ्याबरोबर, रोजचा रोज.